करवंदीची जाळी आणि कोल्होबाचा कीबोर्ड

एका जंगलात, मुलांनो, मंजुळा नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर म्हणजे हरणाचंच छोटं भावंड. दिसायला नाजूक, पण ओरडायला लागलं की कुत्रं भुंकतंय असं वाटतं. मग नाव मंजुळा कसं, असं विचारू नका. नाव तिच्या आईने ठेवलं होतं, आणि आईला लेकीचा आवाज कधी कर्कश वाटत नाही.

या मंजुळाला पाडस झालं. इवलंसं, पाठीवर ठिपके, आणि उभं राहायला गेलं की चार पाय चार दिशांना. मंजुळा त्याच्याकडे बघायची आणि चरायचं विसरायची.

तिथल्या भेकरांची रीत अशी, की पाडस बारा दिवस कुणाला दाखवायचं नाही. जाळीत लपवून ठेवायचं. बाराव्या दिवशी ते आपल्या पायांनी जाळीभोवती एक फेरी पळतं. मग मावशी त्याच्या कानात नाव सांगते आणि बारसं होतं. पळता येत नाही तोवर नाव ठेवायचं नाही. ज्याला पळता येत नाही, त्याला नावाने हाक मारायची वेळ त्या जंगलात फार दिवस येत नाही.

तर मंजुळाने पाडस करवंदीच्या एका जाळीत लपवलं. ती चरायला जायची तेव्हा तिची थोरली बहीण सुगंधाअक्का राखणीला यायची. अक्का ओढ्यापलीकडे राहायची. म्हणून मंजुळा रोज तिला मोबाइलवर लिहायची, ‘मी जेवायला जाते, करवंदीच्या जाळीपाशी ये.’

हो, मोबाइल. तोंड उघडं टाकू नका, माशी जाईल. त्या जंगलात सगळ्यांकडे मोबाइल होते, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर कोल्होबाचा ‘झटपट’ कीबोर्ड होता.

झटपट मोठा गुणी. तुम्ही ‘शु’ लिहिलं की तो ‘शुभ सकाळ’ म्हणायचा, ‘भा’ लिहिलं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खूर असो, पंजा असो, चोच असो, कुणालाही पुरतं वाक्य लिहावं लागत नसे. एका माकडाने आपल्या सासऱ्याशी तीन वर्षं पत्रव्यवहार केला आणि त्यातला एक शब्दही त्याचा स्वतःचा नव्हता. सासरा खूश होता.

हे सगळं फुकट. कोल्होबाला विचारलं तर तो डोळे मिटून म्हणायचा, “आपलं ब्रीद एकच. सर्वांचे शब्द सर्वांसाठी.”

ऐकायला किती छान वाटतं, नाही का? मंजुळालाही छान वाटायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत.

तिसऱ्या दिवशी जंगलाच्या ग्रुपवर बिबट्याचा मेसेज आला. बिबट्या ग्रुपमध्ये कसा, असं तुम्ही विचाराल. त्याला काढायचं पुष्कळांच्या मनात होतं, पण ॲडमिन तोच होता.

बिबट्याने लिहिलं होतं, ‘मित्रहो, एक शंका. मी ‘जेवायला’ एवढं लिहिलं की माझा कीबोर्ड पुढे ‘करवंदीच्या जाळीपाशी ये’ असं सुचवतो. तिकडे नवीन हॉटेल निघालं आहे का?’

त्यावर अकरा जणांनी अंगठे दिले. एका सशाने ‘अभिनंदन साहेब’ लिहिलं. कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं, झटपटने सुचवलं आणि त्याने दाबलं.

मंजुळाने ते वाचलं आणि तिला सगळं उमगलं. तिने अक्काला लिहिलेले शब्द कोल्होबाच्या कीबोर्डाने गोळा केले होते आणि जेवणाचा विषय निघताच बिबट्याच्या पानात वाढले होते.

पाठोपाठ बिबट्याचा दुसरा मेसेज आला. ‘जंगलात करवंदीच्या पंचवीस जाळ्या आहेत. रोज दुपारच्या झोपेनंतर एकेक बघून येतो. पायांना व्यायामही होईल.’

पाडसाला हलवावं तर ते दोन पावलं टाकून बसकण मारत होतं. बारशाला अजून नऊ दिवस होते. एक तर नशिबावर भरवसा ठेवून बसायचं, नाही तर निदान यापुढे तरी कीबोर्डाचं तोंड बंद करायचं. मंजुळाने ठरवलं, दुसरा कीबोर्ड घ्यायचा. पोटात काही ठेवणारा.

आता शहाण्याने काय केलं असतं? मंजुळाने तेच केलं जे सगळे शहाणे करतात. तिने ग्रुपवर विचारलं. तेही झटपटवरूनच.

तिने ‘मला सुरक्षित’ एवढं लिहिलं, तोच झटपट म्हणाला, ‘मला सुरक्षित झटपट फार आवडतो.’ तिने ते खोडलं. पुन्हा लिहिलं. तो पुन्हा म्हणाला. चौथ्यांदा एकदाचा प्रश्न गेला, ‘कुणी सुरक्षित कीबोर्ड सुचवेल का?’

उत्तरांचा पाऊस पडला. मोराने स्वतःचा कीबोर्ड पाठवला. दिसायला फारच देखणा, प्रत्येक अक्षर दाबलं की पिसारा फुलायचा. पण बसवताना त्याने परवानग्या मागितल्या. तुमचे नातेवाईक बघू? कॅमेरा उघडू? तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात ते सांगू? मंजुळाने विचारलं, “अक्षरं उमटवायला तुला माझे नातेवाईक कशाला हवेत?” कीबोर्ड म्हणाला, ‘तुमचा अनुभव समृद्ध करण्यासाठी.’ तिने तो काढून टाकला.

मग सरड्याने ‘अतिगुप्त’ पाठवला. त्यावर हे एवढं कुलूप रंगवलेलं. कुलूप बघून मंजुळाला हायसं वाटलं. पण आईचं मन शंकेखोर. कीबोर्डाखाली अटींची चाळीस पानं होती, आणि ती वाचण्याचा वेडेपणा जंगलात आजवर कुणी केला नव्हता. मंजुळाने केला. एकोणचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मालक : कोल्होबा.’

आता मात्र तिचं डोकं सणकलं. ती तडक कोल्होबाच्या दुकानात गेली.

“या या, मंजुळाबाई!” कोल्होबा म्हणाला. “बाळ-बाळंतीण मजेत ना?”

“बाळ झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“छे छे, सांगायला कशाला हवं?” कोल्होबा हसला. “गेल्या आठवड्यात तुम्ही बहिणीला लिहिलंत, डिंक कुठे मिळेल. आम्ही आपले अंदाज बांधतो.”

“तुमचा कीबोर्ड माझं लिहिणं बिबट्याला दाखवतो.”

“दाखवत नाही हो. सुचवतो.” कोल्होबाने समजूत घातली. “तुमची तक्रार मात्र रीतसर नोंदवून घेतो हं. आम्ही ग्राहकाला देव मानतो.”

आणि त्याने आपला मोबाइल काढून तक्रार लिहायला घेतली. तो लिहीत होता तेव्हा मंजुळाची नजर सहज त्याच्या मोबाइलवर गेली. तिथे झटपट नव्हता. पिसारा नव्हता, कुलूप नव्हतं. नुसती करड्या रंगाची अक्षरं होती आणि कोल्होबा एकेक शोधून, जीभ बाहेर काढून दाबत होता.

“हा कुणाचा कीबोर्ड?” मंजुळाने विचारलं.

“हा? हा तळ्यावरच्या कासवाचा. अगदी जुनाट. काही सुचवत नाही, काही लक्षात ठेवत नाही. तुमच्यासारख्यांच्या कामाचा नाही.”

“मग तुम्ही का वापरता?”

कोल्होबाने छताकडे बघितलं. “मला धंद्याची पत्रं लिहावी लागतात, बाई. ती चार लोकांत गेलेली बरी नाहीत.”

मंजुळाला हवं ते उत्तर मिळालं. हलवायाच्या दुकानातली मिठाई पारखायची असेल तर ताटं बघत बसू नये. हलवाई आपल्या पोराला कुठली देतो ते बघावं.

ती तळ्यावर गेली. कासवअण्णा चिखलात पाय सोडून बसले होते.

“अण्णा, तुमचा कीबोर्ड माझं लिहिणं कुणाला सांगणार नाही ना?”

“सांगायला तो जाणार कुठं?” अण्णा म्हणाले. “माझ्यावर गेलाय. घराबाहेर पडतच नाही. विश्वास नसेल तर आत काय आहे ते बघ. कुणीही बघावं.” असं म्हणून ते भाबडेपणाने स्वतःच उलटे झाले. मग त्यांना सुलटं करण्यात मंजुळाची अर्धी दुपार गेली.

“नाव काय याचं?” तिने विचारलं.

“कीबोर्ड,” अण्णा म्हणाले.

कासवाचा कीबोर्ड म्हणजे शिक्षाच होती. ‘जाळी’तला ‘ळ’ तिसऱ्या पानावर सापडायचा. पहिल्या दिवशी तिने अक्काला ‘करवंदीच्या’ असं लिहीपर्यंत भूक मेली. अक्का उशिरा आली आणि चिडली. पण मंजुळाच्या जिवाला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता लिहिलेलं अक्काला कळत होतं आणि अक्कालाच कळत होतं. मग अक्कालाही तिने तोच कीबोर्ड घ्यायला लावला. त्या संध्याकाळी ती पाडसाशेजारी पडली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला झोप लागली.

इथे गोष्ट संपली असती तर तात्पर्य सोपं झालं असतं. पण कोल्हे गोष्टी अशा संपू देत नाहीत.

सहाव्या दिवशी बिबट्या कोल्होबाच्या दुकानात आला. तीन जाळ्या बघून त्याच्या नाकावर तीस ओरखडे उठले होते.

“काय तुमचा कीबोर्ड!” तो गुरगुरला. “जाळी म्हणतो आणि कुठली ते सांगत नाही.”

कोल्होबाने भिंतीवरचा नकाशा दाखवला. जिथून कुणी काही लिहील तिथे त्यावर दिवा लागायचा. “हे बघा साहेब. चोवीस जाळ्यांतून दिवसभर बडबड येते. इथे लावे भांडतात. इथे मुंगूस मेव्हण्याला शिव्या देतो. या एका जाळीतून मात्र दोन दिवस झाले, अक्षर नाही.”

“म्हणजे ती रिकामी असेल.”

“साहेब, रिकाम्या जाळीतही मुंग्या असतात. आणि मुंग्या झटपट वापरतात.” कोल्होबाने मिशीवरून पंजा फिरवला. “मुंग्यासुद्धा जिथे गप्प आहेत, तिथे कुणीतरी त्यांना गप्प राहायला सांगितलंय.”

आणि ते खरंच होतं. मंजुळानेच मुंग्यांच्या हातापाया पडून त्यांना मोबाइल बंद ठेवायला लावले होते. मुंग्यांना पायच इतके, की त्यात तिची सकाळ गेली होती.

“उद्या झोप झाली की जातो,” बिबट्या म्हणाला.

दुकानाच्या छपरावर कावळा बसला होता. त्याचं बातम्यांचं चॅनेल होतं. पाच मिनिटांत त्याने लावलं, ‘मोठी बातमी! एक जाळी गप्प! काय लपवलंय जाळीत? उद्या दुपारी बिबटेसाहेब करणार पाहणी!’

ते वाचून मंजुळा रडली. अगदी हमसून रडली. जीव तोडून पाडसाला झाकलं, आणि झाकलेलंच तेवढं जंगलभर दिसायला लागलं.

मग डोळे पुसून ती शेजाऱ्यांकडे गेली. रानडुकराला म्हणाली, “दाजीभाऊ, दोन दिवस कासवाचा कीबोर्ड वापराल का? सगळीकडेच सामसूम झाली तर बिबट्याला माझी जाळी ओळखू येणार नाही.”

रानडुक्कर चिखलातून म्हणालं, “आमच्याकडं लपवण्यासारखं काय हाय, ताई? लोळतो ते समद्यांना दिसतंय. आन् त्या कासवाच्या कीबोर्डात ‘ळ’ सापडत न्हाई म्हणत्यात. आमचं अर्धं आयुष्य लोळण्यात जातं, ‘ळ’ तर पायजेलच.”

साळिंदर म्हणालं, “लपवायचं त्याने, ज्याचं काही चुकलंय.” आणि काटे फुलवून झोपलं.

मंजुळा परत आली. अक्का पाडसाला चाटत होती.

“सगळं संपलं, अक्का,” ती म्हणाली. “मी गप्प राहिले तेच चुकलं.”

“मग गप ऱ्हा म्हणलं कोण तुला?” अक्का खेकसली. “आगं, आपुन भेकरं! बिबट्या दिसला की ससं दडून बसतं, हरणं पळत्यात. आन् आपुन काय करतो?”

“भुंकतो,” मंजुळा म्हणाली.

“भुंकून भुंकून रान डोक्यावर घेतो. इतकं, की कोण कुठं हाय त्येच त्या मेल्याला उमगत न्हाई. आईनं शिकवलं ते इसरलीस आन् कासवाची अक्कल घिऊन बसलीस! त्येला पाठीवर ढाल हाय, बाई. तुझ्या पाठीवर काय हाय?”

मंजुळाने अक्काकडे बघितलं. मग मोबाइलवर झटपट पुन्हा बसवला आणि मुंग्यांनाही मोबाइल चालू करायला सांगितलं.

आता एक सांगायला हवं. मंजुळा जन्मात खोटं बोलली नव्हती. त्यामुळे पहिलं वाक्य तिने दोनदा खोडलं. ‘बाळ ओढ्याकाठी आहे.’ देवाची क्षमा मागून तिने ते पाठवलं. दुसरं जरा बरं गेलं. ‘बाळ वडाखाली झोपलंय.’ दहाव्या वाक्याला तिने देवाला त्रास देणं बंद केलं. विसाव्याला तिला चक्क मजा यायला लागली. ‘टेकडीवर जुळं झालं, एक आईवर गेलंय.’ ‘दाजीभाऊ रानडुकरांकडे तिळं. पेढे वाटले.’

आणि झटपट हो गुणी! तो लगेच मदतीला धावला. तिने ‘बाळ’ म्हटलं की तो म्हणायचा, ‘दलदलीपलीकडे?’ ती म्हणायची, हो. पुढे तर तिला लिहावंही लागेना. नुसतं दाबत सुटायचं.

सर्वांचे शब्द सर्वांसाठी, आठवतंय ना? संध्याकाळपर्यंत जंगलात कुणीही काहीही लिहायला घेतलं की झटपट ‘बाळ’ सुचवू लागला. माकडं काय, पुढ्यात येईल ते दाबतात. त्यांनी दाबलं. ससा ‘अभिनंदन’ तर आधीपासूनच म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्होबाच्या नकाशावर चारशे बाळं होती, आणि करवंदीच्या पंचवीसही जाळ्यांत निदान दोन-दोन.

बिबट्या दुपारी झोपून उठला आणि त्याने यादी बघितली. कालची गप्प जाळी शोधावी, तर आता पंचवीसही बडबडत होत्या आणि त्यातली ती कुठली हे त्याला आठवेना. कधी नव्हे ते त्याला काही सुचेना. तो ओढ्याकाठी गेला, तिथे बेडूक. वडाखाली गेला, तिथे वडाची फळं. टेकडी चढला, टेकडी उतरला. दलदलीपलीकडे जाताना दलदल मध्ये असते, हे झटपटने सुचवलं नव्हतं. तो पोटापर्यंत रुतला.

रानडुकराच्या घरी मात्र वेगळाच प्रसंग उभा राहिला. जंगलभरातून अभिनंदनाचे मेसेज आले आणि डुकरीणबाईंनी विचारलं, “तिळं झाली म्हणं तुमाला. मला न्हाई झाली. मग कुणाला झाली?” लपवण्यासारखं काही नसणारा तो जीव तीन दिवस घराबाहेर चिखलात झोपला. तिसऱ्या दिवशी तो कासवाकडे जाऊन कीबोर्ड मागू लागला.

कोल्होबाला शंका यायला हवी होती. पण तो हुशार होता, आणि हुशार माणसं, म्हणजे कोल्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, नकाशावर ठेवतात. चारशे बाळं म्हणजे चारशे गिऱ्हाइकं. त्याने कधी नव्हे ती मेहनत केली आणि चारशे पाळणे विणवले. मग ग्रुपवर जाहीर केलं, ‘येत्या सोमवारी मैदानावर भव्य सामुदायिक बारसं. सर्वांनी आपापली बाळं घेऊन यावं. प्रमुख पाहुणे : बिबटेसाहेब.’

सोमवार म्हणजे मंजुळाचा बारावा दिवस.

बिबट्या सकाळपासून मैदानावर बसला होता. पाच दिवसांच्या पायपिटीने त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. बाळं काही आली नाहीत. माकडं मात्र आली. चारशे पाळण्यांत चारशे माकडं बसली आणि झोके घेत बिबट्याला नावं ठेवू लागली. तो एका पाळण्याकडे झेपावला की बाकीची तीनशे नव्व्याण्णव माकडं टाळ्या पिटायची. शेवटी बिबट्या कोल्होबाला शोधू लागला. कोल्होबा त्याआधीच मागच्या वाटेने पसार झाला होता.

त्याच वेळी करवंदीच्या जाळीशी कुणी नव्हतं. दोन बहिणी होत्या, आणि मध्ये पाडस. ते उठलं. त्याने चार पाय नीट मोजून जमिनीवर ठेवले. एकदा आईकडे बघितलं. मग सुसाट सुटलं, जाळीला पूर्ण फेरा घालून आलं, आणि थांबता न आल्यामुळे अर्धा फेरा आणखी पळालं. मंजुळाच्या डोळ्यांना पाणी आलं. बिबट्याने आता बघितलं तरी बघू दे, असं तिला वाटलं.

अक्काने पाडसाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं.

काय नाव ठेवलं? मला ठाऊक आहे. आता माझा मोबाइल बघा. मी ‘पाडसाचं नाव’ एवढं लिहितो. माझा कीबोर्ड पुढे सुचवतोय, ‘कमळी’. साफ खोटं आहे. कमळीच लिहून ठेवतो.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे, पण ते माणसाशी. कीबोर्डाशी रोज सकाळी उठून नेमाने खोटे बोलावे. आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही, त्याने तर दुप्पट बोलावे. शेजारणीचे मूल लहान असू शकते.